होमी भाभा यांचे विश्वकिरण संशोधन व अवकाश संवेदक

होमी जहांगीर भाभा (जन्म : मुंबई, ३० ऑक्टोबर १९०९, मृत्यू : माँ ब्लां, आल्प्स, २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ व टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक होते. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रवर्तक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. अवकाशातून येणारे कण मोजणारी उपकरणे भारतात तयार व्हावीत आणि त्यांना लागणारी इलेक्ट्रॉनिकीही येथेच उभी राहावी, यासाठी त्यांनी केलेले काम त्या मानाने कमी चर्चिले गेले आहे. आजच्या अवकाशयानांतील ‘स्मार्ट संवेदक’ म्हणजे कण किंवा प्रकाश टिपणारा भाग, संकेत मोठा करणारे मंडल आणि निवड करणारे मंडल यांची एकत्रित मायक्रोचिप. भाभांच्या हयातीत अशी चिप भारतात नव्हती. तिच्यामागील प्रश्न मात्र त्यांनी प्रयोगशाळेत हाताळले होते.

कुटुंब, शिक्षण आणि टाटा घराणे

भाभांचे वडील जहांगीर हे बॅरिस्टर होते. आजोबा हॉर्मसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. हॉर्मसजींची कन्या, म्हणजे होमी यांची आत्या मेहरबाई, यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. या नात्यामुळे लहानपणापासून होमी यांचे टाटांच्या घरी जाणे-येणे होते, आणि पोलाद कारखाना, जलविद्युत यांसारख्या मोठ्या योजनांच्या गोष्टी त्यांच्या कानावर पडत असत.

त्या योजनांपैकी एक आंदर मावळातील होती. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, टाकवे बुद्रुकच्या पलीकडे सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरलेले आंद्रा नदीचे खोरे म्हणजे आंदर मावळ. टाटा समूहाने १९१६ मध्ये या खोऱ्यासाठी स्वतंत्र वीज कंपनी स्थापन केली. ठोकरवाडी येथे धरण बांधून नदीचे पाणी अडवले आणि ते बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेस, कर्जतजवळील भिवपुरी वीजगृहाकडे उतरवले. १९२२ पासून ही वीज मुंबईस मिळू लागली. लोणावळ्याच्या तलावांवर चालणारे खोपोलीचे वीजगृह त्याआधी, १९१५ मध्ये सुरू झाले होते. मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज मिळाली. खोऱ्यातील शेतजमीन मात्र पाण्याखाली गेली. शेजारच्या मुळशी खोऱ्यात अशाच धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तो इतिहासात नोंदला गेला, आंदर मावळाची झळ तेवढी नोंदली गेली नाही. दोराबजींनी १९३२ मध्ये आपली संपत्ती ज्या न्यासाच्या स्वाधीन केली, त्याच सर दोराबजी टाटा न्यासाच्या पैशावर पुढे भाभांची संस्था उभी राहिली. मुंबईतील मूलभूत संशोधनाचे मूळ शोधत गेल्यास मावळातील पाण्यापर्यंत असा एक धागा जातो.

कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून भाभा १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. त्यांनी अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची व टाटांची अपेक्षा होती. त्यांचे मन भौतिकशास्त्राकडे ओढले गेले होते. आधी यांत्रिकी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवायचा आणि मग हवे ते शिकायचे, असा तोडगा घरात निघाला. १९३० मध्ये त्यांनी आपली बाजू पुरी केली. पुढील आयुष्यात सिद्धान्त मांडणारा हा शास्त्रज्ञ तारा, नळ्या आणि यंत्रशाळा यांबद्दल बेफिकीर राहिला नाही, याचे श्रेय या सक्तीच्या अभियांत्रिकीलाही द्यावे लागेल.

विश्वकिरणांचा सिद्धान्त

विश्वकिरण म्हणजे बाह्य अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे अतिवेगवान विद्युत्भारित कण. ते वातावरणातील अणूंवर आदळले की नव्या कणांचा वर्षाव होतो. भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये या वर्षावाचे गणित मांडले. वेगवान इलेक्ट्रॉन द्रव्यातून जाताना गॅमा किरण सोडतो, त्या गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते, ती जोडी पुन्हा गॅमा किरण सोडते. पायरीगणिक कणांची संख्या वाढते आणि प्रत्येकाची ऊर्जा घटत जाऊन अखेर वर्षाव संपतो. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे त्यांनी १९३५ मध्ये केलेले गणितही भाभा प्रकीर्णन या नावाने पाठ्यपुस्तकांत गेले आहे.

या सिद्धान्तातून एक अडचण उघड झाली. शिशाच्या जाड ठोकळ्यात इलेक्ट्रॉनांचा वर्षाव विरून जायला हवा, परंतु काही कण आरपार जात होते. ते इलेक्ट्रॉनपेक्षा जड असावेत, हा निष्कर्ष भाभांनी उचलून धरला. असे कण अस्थिर असून वेगाने जाताना अधिक काळ टिकतील, हे सापेक्षतेच्या सिद्धान्तावरून त्यांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. मेसॉन हे नाव रूढ होण्यातही त्यांचा वाटा आहे. त्या काळी मेसॉन म्हटलेला हा भेदक कण आज म्यूऑन म्हणून ओळखला जातो.

बेंगळूर : मोजणारी नळी

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि केंब्रिजला परतणे राहून गेले. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात ते रुजू झाले. तेथे दोराबजी टाटा न्यासाच्या अनुदानातून त्यांनी विश्वकिरण संशोधन विभाग चालवला. विक्रम साराभाई हे तरुण संशोधकही त्याच सुमारास तेथे विश्वकिरणांचे मापन करीत होते. दोघांचा स्नेह तेथे जुळला.

बेंगळूर हे ठिकाण या कामाला अनुकूल होते. विश्वकिरण विद्युत्भारित असल्याने पृथ्वीचे चुंबकक्षेत्र त्यांना वळवते, आणि चुंबकीय विषुववृत्ताजवळ केवळ फार मोठ्या ऊर्जेचे कण आत शिरू शकतात. दक्षिण भारतात ही गाळणी निसर्गतःच लागलेली आहे. म्हणूनच अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन आपले सहकारी हेन्री नेहर व विल्यम पिकरिंग यांच्यासह १९३९ च्या अखेरीस भारतात आले आणि त्यांनी बेंगळूर, आग्रा व पेशावर येथून फुग्यांबरोबर उपकरणे सोडली.

भाभांनी आता सिद्धान्ताबरोबर प्रयोग हाती घेतला. त्यासाठी गायगर गणक वापरले जात. वायूने भरलेल्या नळीत मधोमध उच्च विद्युत्दाबाची तार असते. कण आत शिरला की वायूचे आयन होतात आणि तारेत विजेचा ठोका उमटतो. एकटी नळी मात्र कण कोठून आला, कोणत्या प्रकारचा होता, हे सांगत नाही. त्यामुळे नळ्या एकाखाली एक ठेवून त्या सर्वांत एकाच क्षणी ठोका पडला तरच नोंद करणारे संपात मंडल जोडत. मध्ये शिशाचा थर ठेवला की इलेक्ट्रॉन अडतात आणि भेदक मेसॉनच मोजले जातात. युद्धाच्या शेवटच्या काळात बेंगळूरला असलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या विमानांतून अशी मांडणी सुमारे ३०,००० फूट उंचीपर्यंत नेऊन भाभा व सहकाऱ्यांनी मेसॉनांची तीव्रता मोजली. त्यांचे निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले.

संपात मंडलाचे हे तत्त्व विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्या उपकरणाला आलेला प्रत्येक ठोका सारखाच वाटतो, ते केवळ मोजते. ठोक्यांची तुलना करून कोणता ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे जागेवरच ठरवणारे उपकरण निवड करते. विमानात ही निवड निर्वात नळ्यांच्या जड पेटीत होत असे. आज तीच मायक्रोचिपच्या एका कोपऱ्यात होते.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी दोराबजी टाटा न्यासाचे अध्यक्ष सर सोराबजी सकलातवाला यांना पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राची संस्था काढण्याची योजना मांडली. अणुशक्तीचा उपयोग होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी बाहेर पाहावे लागू नये, हा तिचा गाभा होता. १ जून १९४५ रोजी संस्थेचे काम बेंगळूरला सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती मुंबईत, पेडर रोडवरील केनिलवर्थ बंगल्यात आली. १९४९ मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात तिचा मुक्काम हलला. कुलाब्याच्या समुद्रकाठी बांधलेल्या आजच्या इमारतीचे उद्घाटन पंडित नेहरूंनी १९६२ मध्ये केले.

माणूस आधी शोधायचा आणि मग त्याच्याभोवती विभाग उभा करायचा, ही भाभांची पद्धत होती. तिचे यश मोठे असले तरी ती प्रत्येकाला मानवली नाही. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ व इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी हे सुरुवातीपासून संस्थेत होते. पुण्याहून डेक्कन क्वीनने ते मुंबईस ये-जा करीत, आणि सुटीत मावळातील लेणी व जुन्या वाटा धुंडाळत. अणुऊर्जेवरील खर्चाविषयी त्यांचे भाभांशी मतभेद होते. १९६२ मध्ये त्यांचा संस्थेशी संबंध संपला.

विश्वकिरणांचे काम वर आणि खाली अशा दोन्ही दिशांनी वाढले. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर बी. व्ही. श्रीकंठन व त्यांच्या सहकाऱ्यांनी म्यूऑन मोजले. वातावरणात मात्र रबरी फुगे पुरेसे उंच जात नव्हते, जाडी सारखी नसल्याने ते अवेळी फुटत. म्हणून १९५० च्या दशकात संस्थेने पातळ प्लॅस्टिकचे मोठे फुगे स्वतः तयार करण्याचे तंत्र विकसित केले. पुढे हैदराबाद हे या उड्डाणांचे कायमचे केंद्र झाले. फुग्याचे उपकरण आणि उपग्रहाचे उपकरण यांत पुष्कळ साम्य असते. दोन्हींत वजनाची मर्यादा असते, वीज मोजकी असते, थंडी व निर्वात सोसावे लागते आणि एकदा सोडल्यावर दुरुस्तीला हात पोहोचत नाही. उपग्रह हाती नसताना भारतीय संशोधकांनी या अडचणींचा अभ्यास फुग्यांवर करून घेतला.

यासाठी लागणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रसामग्री बाजारात विकत मिळत नव्हती, आणि परदेशातून आणायची तर परकीय चलन लागे. अय्यगारी सांबशिव राव यांच्या नेतृत्वाखाली गणक, प्रवर्धक आणि मापनयंत्रे संस्थेत बनू लागली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झालेल्या अप्सरा अणुभट्टीचे इंधन ब्रिटनकडून आले, पण तिची नियंत्रण यंत्रणा भारतीय हातांनी तयार केली. आर. नरसिंहन यांच्या गटाने टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्ण केला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि स्मृती होती २,०४८ शब्दांची. अमेरिकेत जॅक किल्बी व रॉबर्ट नॉइस यांनी १९५८-५९ मध्ये संकलित मंडल, म्हणजेच मायक्रोचिप, सिद्ध केली होती. मुंबईत नळ्यांचा संगणक पूर्ण होत होता, त्याच वेळी नळ्यांचे युग सरत होते.

अवकाश कार्यक्रम आणि इलेक्ट्रॉनिकी समिती

३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेने एक्सप्लोरर-१ हा उपग्रह सोडला. तो तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते विल्यम पिकरिंग, बेंगळूरहून फुगे सोडणाऱ्यांपैकी एक. त्यावर जेम्स व्हॅन ॲलन यांचा गायगर गणक बसवला होता. विशिष्ट उंचीवर गणकाचे आकडे शून्यावर येऊ लागले. कण संपले होते असे नव्हे, ते इतके वाढले होते की एका ठोक्यानंतर नळीला सावरायला लागणारा सेकंदाचा अल्पांशही मिळेना, आणि ती मुकी झाली. पृथ्वीभोवतालचे प्रारणपट्टे असे सापडले. संवेदकाला स्वतःची मर्यादा कळली पाहिजे, हा धडा अवकाश-उपकरणे रचणाऱ्यांना येथे मिळाला.

भारत सरकारने १९६१ मध्ये अवकाश संशोधन भाभांच्या अणुऊर्जा विभागाकडे सोपवले. १९६२ मध्ये साराभाईंच्या अध्यक्षतेखाली भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती नेमण्यात आली. केरळमधील थुंबा येथील जागेची पाहणी करणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यातील सोडियम-बाष्पाचा प्रयोग फ्रान्सचा.

१९६२ च्या चीन युद्धात संदेशवहन व रडार यांतील उणिवा उघड्या पडल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये सरकारने इलेक्ट्रॉनिकी समिती नेमली. अध्यक्ष भाभा, सदस्य साराभाई, सूरी भगवंतम् व सांबशिव राव. पुढील दहा वर्षांत देशाला कोणती उपकरणे व कोणते सुटे भाग किती लागतील, याचा आढावा घेऊन या क्षेत्रात स्वयंपूर्णता कशी आणावी हे समितीने मांडले. तो अहवाल भाभा समितीचा अहवाल म्हणूनच ओळखला जातो. १९६६ मध्ये तो सादर झाला तेव्हा भाभा हयात नव्हते.

मृत्यू

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जाताना, २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान माँ ब्लां शिखराजवळ कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. उतरण्यास सुरुवात करताना विमान शिखर ओलांडून गेले आहे असा वैमानिकाचा गैरसमज झाला, असे चौकशीत निष्पन्न झाले. घातपाताचे तर्क पुढे अनेकदा मांडले गेले, त्यांना पुरावा मिळालेला नाही. भाभांचे वय ५६ वर्षांचे होते. ते अविवाहित होते.

नंतरचा काळ

समितीच्या शिफारशींतून झालेले काम संमिश्र म्हणावे लागते. १९६७ मध्ये हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी निघाली आणि सांबशिव राव तिचे प्रमुख झाले. केंद्रात १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिकी विभाग आला. १९ एप्रिल १९७५ रोजी सोडलेल्या आर्यभट्ट उपग्रहावर सौर न्यूट्रॉन व गॅमा किरण टिपणारे उपकरण टाटा संस्थेचे होते. चार दिवसांनी वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे प्रयोग थांबवावे लागले. १९८५ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून सुकुमार बिस्वास यांच्या गटाचे अनुराधा हे विश्वकिरण उपकरण अवकाशात गेले.

याच काळात विश्वकिरणांचे आणखी एक रूप पुढे आले. चिपमधील भाग जितके लहान होत गेले, तितका एकेक साठवलेला अंक थोड्याशा विद्युत्भारावर टिकू लागला. एकच जड, वेगवान कण सिलिकॉनमधून गेला तर मागे सुटलेल्या भाराने ० चा १ होऊ शकतो. उपग्रहांतील असे बिघाड १९७५ च्या सुमारास ओळखले गेले. म्हणून अवकाशासाठी चिप रचताना तीच माहिती तीन ठिकाणी ठेवून बहुमताने खरी मानणे, चूक शोधून दुरुस्त करणारे जादा अंक जोडणे, नाजूक भागांभोवती संरक्षक कडी घालणे असे उपाय करावे लागतात. कोणत्या ऊर्जेचे किती कण कोणत्या कक्षेत भेटतील, हे माहीत असल्याशिवाय यांतील काहीच ठरवता येत नाही. भाभांनी ज्या कणांच्या मागे आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, तेच कण आता संवेदकाचे लक्ष्यही आहेत आणि शत्रूही.

चिपनिर्मितीत मात्र देश मागे पडला. मोहाली येथील सरकारी सेमीकंडक्टर कारखान्यात १९८० च्या दशकात उत्पादन सुरू झाले, पण १९८९ च्या आगीत तो बेचिराख झाला आणि त्याची पुनर्बांधणी होईपर्यंत जग पुष्कळ पुढे गेले होते. २००६ मध्ये तो अवकाश विभागाकडे आला. तेथे तयार होणारे विक्रम संगणकपटल २००९ पासून भारतीय अग्निबाणांत वापरले जाते. भाभांची रीत एकेक उत्कृष्ट उपकरण घडवण्यास फार योग्य होती. लाखोंनी निघणाऱ्या मालाचा उद्योग त्या रीतीने उभा राहत नाही, ही तिची मर्यादा येथे दिसली.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट वेधशाळेवर या साऱ्या प्रवासाचे चित्र एकत्र पाहायला मिळते. तिच्यावरील कॅडमियम झिंक टेल्युराइड प्रतिमाग्राहक हे उपकरण टाटा संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाले. पुण्याच्या आयुका संस्थेचाही त्यात वाटा होता. त्यात ६४ पट्टिका आहेत. प्रत्येक पट्टिकेत २५६ चौकटी असून स्फटिकाच्या पाठीमागेच चिप बसवली आहे. कोणत्या चौकटीत किती ऊर्जेचा क्ष-किरण आला, हे ती तेथल्या तेथे नोंदवते. खाली दुसरा संवेदक आहे. दोघांत एकाच वेळी ठोका उमटला, तर तो विश्वकिरणाचा मानून वगळता येतो. शेजारच्या दोन चौकटींत एकाच क्षणी झालेल्या नोंदींवरून क्ष-किरणांचे ध्रुवीकरण काढता येते, आणि खेकडा तेजोमेघातील स्पंदकासाठी ते काढलेही गेले. बेंगळूरच्या विमानातील संपात मंडलाचेच हे दोन उपयोग आहेत. उपकरण भारतीय असले तरी पट्टिका इस्रायलहून आणाव्या लागल्या.

मावळ तालुक्यापुरते सांगायचे तर, तळेगाव येथे वेदांत-फॉक्सकॉनचा चिप कारखाना व्हावा यासाठी बोलणी झाली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यासाठी गुजरातची निवड झाली आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन भागीदारीतून बाहेर पडली.

सन्मान

भाभा १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९४२ मध्ये त्यांना केंब्रिज विद्यापीठाचे ॲडम्स पारितोषिक मिळाले, १९५४ मध्ये पद्मभूषण. १९५५ च्या जिनिव्हा येथील अणुशक्तीच्या शांततामय उपयोगावरील आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष होते. तुर्भे येथील अणुशक्ती केंद्राला १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले. मुंबईत मानखुर्द येथे असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून शालेय विज्ञान व गणिताच्या अध्यापनाचे काम करीत आहे.